वेगळं ताट

उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला, नखाच्या कडेला, एक सालपट निघालं होतं. तांदळाच्या कणीएवढं. थंडीत निघतं तसं. त्या सालपटानं माझे आठ महिने खाल्ले.

घडलं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात लांबवण्यासारखं काही नाही. २०२२च्या डिसेंबरात बँकेच्या ट्रेनिंगसाठी मी पंधरा दिवस हैदराबादला होतो. दुसऱ्या राज्यातून आलेली एक सहकारी भेटली, गप्पा जमल्या, आणि शेवटच्या शनिवारी रात्री आम्ही एकत्र होतो. दोघांच्या मर्जीनं. कंडोम होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत होता, फाटला नाही, निसटला नाही. सकाळी एकमेकांचा निरोप घेतला तेव्हा दोघांच्याही मनात काही वाईट नव्हतं.

परतीच्या गाडीत जेवणाआधी हाताला सॅनिटायझर लावला आणि बोट चुरचुरलं. बघितलं तर सालपट. आणि त्या क्षणी, सोलापूर यायच्या जरा आधी, डोक्यात पहिलं वाक्य उमटलं: हे परवा रात्री होतं का?

मग पुढचं. असलं तर? हाच हात होता का? ती ‘मला काही नाही’ म्हणाली होती, पण एचआयव्ही आहे की नाही हे तिला तरी माहीत असेल का? पुणे येईपर्यंत डबा तसाच राहिला होता.

चौथ्या रात्री मला कळलं की संसर्गाचा धोका झाल्यावर ७२ तासांच्या आत औषधं सुरू केली आणि २८ दिवस घेतली तर एचआयव्ही टाळता येतो. त्या वेळी शहाण्णव तास उलटून गेले होते. मी उठून बसलो आणि पहाटेपर्यंत तसाच बसून राहिलो. वेळ निघून गेली, आता काही करता येणार नाही, हे वाक्य छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, बोट हातात धरून बघितलं आणि म्हणाले, “पहिल्या तासात आला असतात तरी मी या गोळ्या दिल्या नसत्या. अशा सालपटातून कुणाला लागण झालेली मी माझ्या आयुष्यात पाहिलेली नाही.” मला इतकं हलकं वाटलं की मी बाहेर येऊन चहा घेतला, त्याबरोबर दोन क्रीमरोल खाल्ले. संध्याकाळी सातपर्यंत ते हलकेपण टिकलं. सातला मनात आलं, त्यांनी पाहिलेली नाही म्हणजे झालेली नाही असं थोडंच?

ज्यांना ही धास्ती कधी लागलेली नाही त्यांना वाटतं की माहिती मिळाली की भीती जाते. माझ्याकडे माहिती भरपूर होती. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेचा अंदाज मला पाठ होता: जोडीदार बाधित असेल, उपचार घेत नसेल आणि कंडोम वापरला नसेल, तरी स्त्रीबरोबरच्या एका संबंधात पुरुषाला लागण होण्याची शक्यता दहा हजारांत चार. माझ्या बाबतीत यातली एकही अट लागू होत नव्हती, कारण जोडीदार बाधित असल्याचं कुठलंच चिन्ह नव्हतं आणि कंडोम तर होताच. पण रात्री अडीच वाजता मला त्या दहा हजारांतले नऊ हजार नऊशे शहाण्णव दिसायचे नाहीत. ते चारच दिसायचे. चौघांनाही चेहरा असायचा, आणि चौथा चेहरा माझा असायचा.

सतराव्या दिवशी घसा धरला. जानेवारीत अर्ध्या पुण्याचा घसा धरलेला असतो, ऑफिसातले तिघे खोकत होते. पण ताज्या लागणीची लक्षणं दोन ते चार आठवड्यांत दिसतात, हे मला माहीत होतं: ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, मानेत आणि काखेत अवधाण. मी थर्मामीटर आणला. दिवसातून आठ-नऊ वेळा ताप बघायचो आणि ९८.८ आला की हातपाय गार पडायचे. मानेच्या गाठी इतक्या वेळा चाचपल्या की त्या खरोखर सुजल्या. ऑफिसच्या वॉशरूममध्ये दार लावून मोबाइलच्या उजेडात जीभ बघायची. काळजीनं झोप उडाली, झोप नाही म्हणून जेवण सुटलं, जेवण सुटलं म्हणून पाच किलो वजन उतरलं, आणि उतरलेलं वजन हे आणखी एक लक्षण झालं. मन चिंती ते वैरी न चिंती ही म्हण लहानपणापासून ऐकली होती. तिचा अर्थ मला त्या जानेवारीत वजनकाट्यावर उभं असताना कळला.

चाचण्यांचं सांगायलाच हवं, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी आज रात्री तेच शोधत असेल. मी पहिली चाचणी नवव्या दिवशी केली. तिचा काही उपयोग नव्हता, कारण इतक्या लवकर कुठल्याच चाचणीला खात्रीनं काही सापडत नाही. चौथ्या पिढीची म्हणतात ती प्रयोगशाळेतली चाचणी शिरेतल्या रक्तात दोन गोष्टी शोधते: विषाणूचं पी-२४ नावाचं प्रथिन आणि शरीरानं विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं. लागण झाली असेल तर ती साधारण अठरा ते पंचेचाळीस दिवसांत कळते. फक्त प्रतिपिंडं बघणाऱ्या झटपट चाचणीसाठी तीन महिने थांबायला सांगतात. म्हणजे शेहेचाळिसाव्या दिवशी माझा चौथ्या पिढीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा विषय संपला होता.

तो संपला नाही. नमुना बदलला असेल, म्हणून बासष्टाव्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये गेलो. तीन महिन्यांचा नियम आहे, म्हणून एक्क्याण्णवाव्या दिवशी सरकारी केंद्रात गेलो. माझी प्रतिकारशक्तीच उशिरा जागी होत असेल, म्हणून त्यानंतर आणखी तीनदा. माझ्या खोलीतल्या मित्राला मी रोज एकच प्रश्न विचारायचो, शब्द बदलून. तो बिचारा रोज तेच उत्तर द्यायचा. एके रात्री तो म्हणाला, “आता मी काय बोलू तेवढं सांग, मी ते बोलतो.” त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता, आणि मला तो रागापेक्षा जास्त लागला.

सरकारी रुग्णालयांमध्ये समुपदेशन आणि चाचणीची केंद्रं असतात, बहुतेक जण आयसीटीसी म्हणतात. तिथे पैसे पडत नाहीत. आधी समुपदेशक बोलतात, संमतीची सही घेतात, मग रक्त घेतात, आणि रिपोर्ट तुमच्याशिवाय कुणाच्या हाती देत नाहीत. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमती आणि गुप्तता बंधनकारक केली आहे, पण मी गेलो त्या केंद्रातल्या ताई कायद्यामुळे तशा वागत नव्हत्या. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेल्या. टेबलावर कंडोमचा खोका आणि शेजारी नातवाचा फोटो. मी तिसऱ्यांदा त्यांच्यासमोर बसलो तेव्हा त्यांनी फॉर्म पुढे केलाच नाही.

“घरात कुणाला होता का?” त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो. मग, का कोण जाणे, म्हणालो, “मामाला.”

आणि मला रडू फुटलं. एकतीस वर्षांचा माणूस, अंगात ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट, आणि बाहेर बाकावर रांग. ताईंनी उठून दार लोटून घेतलं.

माझं आजोळ तासगाव तालुक्यात. मामा ट्रकवर ड्रायव्हर होता, बेदाणा घेऊन दिल्लीला जायचा, येताना आम्हाला आग्र्याचा पेठा आणायचा. तो घरात शिरला की घर मोठं वाटायचं. २०००च्या पावसाळ्यात तो आजारी होऊन आला आणि परत गाडीवर गेला नाही. आधी टीबी म्हणाले. मग नुसतंच ‘तसलं’ म्हणायला लागले. त्याला तसलं झालंय. त्या रोगाचं नाव आमच्या घरात कुणी उच्चारलेलं मला आठवत नाही. गोठ्याला लागून कडब्याची खोली होती, ती रिकामी करून तिथे त्याची बाज टाकली. आणि गोठ्याबाहेरच्या दगडावर एक जर्मनचं ताट आणि एक पेला, कायमचे. ताटाच्या कडेला खिळ्यानं फुली मारली होती, चुकून घरात येऊ नये म्हणून.

मी नऊ वर्षांचा होतो. मे महिन्याच्या सुट्टीत एकदा मामानं मला खिडकीतून हाक मारली आणि मूठभर बेदाणे पुढे केले. मी घेतले. दोन तोंडात टाकले. तेवढ्यात आई धावत आली, माझ्या हातातले बेदाणे तिनं उकिरड्यावर फेकले, मला हौदावर नेऊन निरम्यानं हात धुवायला लावले, चुळा भरायला लावल्या. मी वळून बघितलं तेव्हा मामा खिडकीतच होता. त्याचा हात अजून गजाबाहेर होता. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा हाक मारली आणि मी गेलो नाही. ऐकू आलं नाही असं दाखवून विहिरीकडे पळालो.

२००१च्या ऑगस्टमध्ये तो गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीनं एचआयव्हीची तीन औषधं एकत्र, दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी किमतीत द्यायची तयारी जगाला सांगितली होती. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत मोफत उपचार सुरू झाले १ एप्रिल २००४ला. मामाला तीन वर्षं कमी पडली. हे हिशेब मी आता करतो. तेव्हा आम्हा पोरांना एवढंच ठाऊक होतं की त्याच्या मागे त्याची बाज जाळली आणि ताट ओढ्यात टाकलं. आईवर माझा राग नाही. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. भिंतीवर लिहिलेलं असायचं, एड्स म्हणजे मृत्यू, एवढीच माहिती गावात पोहोचली होती. हात लावून, ताटात जेवून, डासानं चावून हा होत नाही, हे गावापर्यंत यायला फार उशीर झाला.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “दादा, पुढच्या वेळी रक्त द्यायला येऊ नका. बोलायला या.” त्यांनीच एका मानसशास्त्रज्ञांचा पत्ता दिला. तिथे जाण्याआधी मी १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर दोनदा बोललो होतो, तेही रात्रीच. माणसाचा आवाज ऐकून त्या दोन रात्री निभावल्या, हे इथे नोंदवून ठेवतो. एचआयव्हीबद्दलच्या शंकांसाठी १०९७ हा वेगळा नंबर आहे.

मानसशास्त्रज्ञ मॅडमच्या त्या खोलीत मला जे हळूहळू उमगलं ते लिहिणं अवघड आहे, तरी लिहितो. मी रक्ताला जो प्रश्न विचारत होतो तो रक्ताचा नव्हताच. रक्तानं सात वेळा उत्तर दिलं होतं. त्या डिसेंबरात घरचे माझ्यासाठी स्थळं बघत होते, एका ठिकाणी होकारापर्यंत आलं होतं, आणि मी हैदराबादला कुणाबरोबर तरी राहून आलो होतो. मामानंही घरी बायको असताना बाहेर काहीतरी केलं, आणि ते मामीपर्यंत पोहोचलं. मामीची चाचणी मामा गेल्यावर झाली, ती पॉझिटिव्ह निघाली. माझ्या डोक्यात हे सगळं एकाच दोऱ्यात ओवलं गेलं होतं. मी चुकलोय, तर शिक्षा होणार, आणि शिक्षा कशी दिसते हे मी नवव्या वर्षी पाहिलेलं आहे: गोठा, बाज, फुली मारलेलं ताट. विषाणूचं मला भय होतंच, पण त्याहून जास्त भय होतं त्या ताटाचं. आणि सगळ्यात खाली, जिथे हात पोहोचायला महिने लागले, तिथे ते विहिरीकडे पळणं होतं. ज्याच्या हाकेला मी ओ दिली नाही त्याच्या जागी मला बसवावं, असं माझंच मन म्हणत होतं.

कारण सापडलं म्हणून सवय सुटली नाही. सवय सोडायला वेगळं काम करावं लागलं, आणि ते कंटाळवाणं होतं. मॅडमनी समजावलं की दर वेळी रिपोर्ट बघून, गाठ चाचपून, मित्राला विचारून जो दिलासा मिळतो तोच भीतीला खाऊ घालतो. खाज सुटली की खाजवलं, बरं वाटलं, आणि चट्टा वाढला. त्यामुळे खाजवायचं नाही. सुरुवात अर्ध्या तासापासून केली. मान चाचपावीशी वाटली की वहीत वेळ लिहायची, मनात काय आलं ते लिहायचं, अर्धा तास थांबायचं, मग वाटलंच तर हात लावायचा. पहिल्या आठवड्यात त्या अर्ध्या तासांमध्ये मी खोलीत येरझाऱ्या घालायचो, तळहात घामानं ओले. तिसऱ्या आठवड्यात एकदा अर्धा तास उलटून गेलेला माझ्या ध्यानातच आला नाही. थर्मामीटर मित्राच्या कपाटात गेला. मित्रानं माझ्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, असं आम्ही तिघांनी ठरवलं. तो फक्त “वहीत लिही” म्हणायचा.

विवेकनिष्ठ विचारपद्धती मॅडमनी शिकवली ती मराठीमुळे मला लवकर समजली असं वाटतं. मी एकदा म्हणालो, “मला शंभर टक्के खात्री हवीच.” त्यांनी वहीत ते वाक्य लिहायला लावलं आणि शेवटचा ‘च’ खोडायला सांगितला. मला खात्री हवी. हवीशी वाटते, मिळाली तर बरं, आणि नाही मिळाली तरी उद्या नऊला बँक उघडायची आहे. एका अक्षराएवढा तो फरक मी दिवसातून वीस-वीस वेळा गिरवला आहे. काही महिने झोपेसाठी आणि चिंतेसाठी मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्याही घेतल्या. ते लपवावंसं वाटत नाही. लपवण्यानं आमच्या घरात आधीच खूप नुकसान केलंय.

ऑगस्टनंतर मी चाचणी केलेली नाही.

२०२३च्या दिवाळीत आजोळी गेलो. मामी एकटी राहते, दोन म्हशी आहेत, बचत गटाचं काम बघते. तिला २००६मध्ये औषध सुरू झालं. त्या काळी रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या सीडी-फोर पेशी दोनशेच्या खाली उतरल्याशिवाय बहुतेकांना गोळ्या मिळत नसत. आधी दिवसातून दोनदा घ्यायची, आता रात्री एकच. रात्री नऊला तिच्या मोबाइलचा गजर वाजतो. तो वाजला, तिनं भाकरीचं पीठ लागलेला हात पुसला, गोळी घेतली आणि पुन्हा परातीकडे वळली.

मी तिला सगळं सांगितलं. हैदराबाद, बोट, सात रिपोर्ट, आणि बेदाण्याचंसुद्धा. ती भाकरी थापत ऐकत होती. मध्ये फक्त एकदा तिचा हात थांबला, ते बेदाण्याच्या वेळी.

“त्यांनी मला सांगितलं हुतं,” ती म्हणाली. “म्हणाले, पोरगं पळालं, पण त्यानं दोन खाल्ले. हासत हुते.”

मी बावीस वर्षं तो गजाबाहेरचा हात बघत होतो. हसण्याचं मला माहीत नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, “आता डोकं शांत हाय का?” मी म्हणालो, पुष्कळ, पण अजून येतं मधूनमधून. ती म्हणाली, “येऊ दे की. माझ्या बी मनात येतं, रातच्याला. रक्तात आता सापडत न्हाई म्हणतात डॉक्टर, माझ्याकडनं कुणाला हुणार न्हाई म्हणतात. तरी म्हशीची धार काढताना बोटाला कापलं की मी आधी चिंधी बांधते.” हे ऐकून मला बोलवेना. औषधानं विषाणू रक्तात सापडत नाही इतका दबला की संबंधातूनही तो पुढे जात नाही, हे युरोपातल्या शेकडो जोडप्यांवर वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासातून सिद्ध झालंय. पार्टनर नावाच्या त्या अभ्यासात अशी एकही लागण सापडली नाही. मी ते मामीला सांगितलं. तिनं मान हलवली. “सांगितलंय आमास्नी. पण चिंधी बांधायला काय जातंय.” आणि मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, “सकाळी सिव्हिलला सोडशील का? गोळ्या आणायच्या हायत.”

सकाळी मोटरसायकलवर आम्ही निघालो. धुकं होतं, द्राक्षबागांमध्ये फवारणीचे ट्रॅक्टर चालले होते. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, ती रांगेत उभी राहिली, हातात हिरवं पुस्तक आणि मागच्या महिन्याच्या उरलेल्या गोळ्यांची बाटली. तिथे उरलेल्या गोळ्या मोजतात, एखादी चुकली का ते बघायला. रांगेतल्या तिघी-चौघी बायका तिच्या ओळखीच्या होत्या, त्यांचं दिवाळीच्या फराळावरून बोलणं सुरू झालं. मी समोरच्या बाकावर बसलो.

बाकाच्या डाव्या हाताला चाचणी केंद्राचं दार होतं. उघडं. आत कुणी नव्हतं, रांगही नव्हती. दहा मिनिटांचं काम. छातीत ते ओळखीचं हललं. मी खिशातली वही काढली, वेळ लिहिली: दहा वाजून पाच मिनिटं. पुढे लिहिलं, दार उघडं आहे. मग वही मांडीवर ठेवून मामीकडे बघत बसलो. खिडकीतल्या मुलीनं बाटली उलटी करून गोळ्या मोजल्या, पुस्तकात काहीतरी लिहिलं, नवी बाटली दिली. मामीनं ती पदराखालच्या पिशवीत टाकली आणि वळून मला शोधलं.

“चल,” ती म्हणाली. “जाताना बाजारात थांब. बेदाणा घ्यायचाय.”